आरतीचं सव्वा वर्ष

महागाव तालुक्यातल्या एका गावच्या हेडमास्तरांनी एका मुलीला सव्वा वर्षानं फसवलं. त्या सौद्यात मध्यस्थ मी होते, आणि सौदा जमला म्हणून खूश होऊन घरी गेले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कोणी मला देवमाणूस समजायला नको.

मी मूळची भांडीवाली. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी द्यायची. डोक्यावर टोपलं, खांद्यावर गाठोडं, आणि महागावपासून फुलसावंगीपर्यंत उन्हात पायपीट. बाई तीन साड्या आणि एक पँट टाकून पातेलं मागते, आपण वाटी दाखवायची, आणि तासाभरानं दोघींनी डब्यावर यायचं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला या धंद्यानं जे शिकवलं ते कॉलेजात शिकवत नसावेत. एक म्हणजे, पहिला आकडा आपण बोलायचा नाही. दुसरं म्हणजे, गिऱ्हाईक ज्या भांड्याकडं मुद्दाम पाहत नाही, तेच त्याला पाहिजे असतं.

माझी एक नेहमीची गिऱ्हाईक एका सकाळी पोलिसांच्या गाडीत बसून गेली. तिच्या दोन मुली दारात उभ्या होत्या आणि सारी गल्ली आपापल्या दारातून त्यांच्याकडं पाहत होती. मी टोपलं खाली ठेवलं आणि त्या दारात जाऊन बसले. बसले ती बसलेच. पुढं अशाच मुलींचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेनं मला ठेवून घेतलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला काय येतं?" मी म्हटलं, "घासाघीस येते." त्या हसल्या. पण सोळा वर्षं मी तेच केलं.

आई किंवा बाप तुरुंगात असलेल्या मुलीचं काम म्हणजे काय, असं लोक विचारतात. त्यांना वाटतं, जवळ घ्यायचं, डोळे पुसायचे. डोळे पुसायला वेळ कोणाला असतो? मुलीला ठेवून घेणारा एक नातेवाईक शोधायचा आणि तो टिकवायचा. शाळेत पालकसभेला जाऊन बसायचं. जातीच्या दाखल्यासाठी, शिष्यवृत्तीसाठी जिथं बापाची सही लागते, तिथं तो कागद तुरुंगात पाठवून सही करून आणायची. भेटीच्या दिवशी मुलीला एसटीनं घेऊन जायचं, आणायचं. आणि गुन्हा काय होता, हे कोणालाच विचारायचं नाही, मुलीला तर नाहीच. केळापूरकडच्या एका मुलीच्या काकानं सोळाव्या वर्षीच तिचं लग्न ठरवलं होतं. त्याच्या ओसरीवर मी सकाळपासून दुपारपर्यंत बसले. शेवटी तो वैतागून म्हणाला, "बाई, तू उठतं कधी?" मी म्हटलं, "तुमी लग्न मोडलं का उठतो." लग्न मोडलं. ती आता पांढरकवड्याला दवाखान्यात नर्स आहे आणि त्या काकाचं बीपी तीच तपासते.

असे जिंकलेले सौदे पुष्कळ आहेत. हरलेला एकच सांगायचा आहे.

मुलीचं खरं नाव लिहीत नाही. आरती म्हणू. तिची आई सुमन तुरुंगात गेली तेव्हा आरती कडेवर होती. कायद्यानं लेकरू सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ तुरुंगात राहू शकतं. आरती तिथंच चालायला शिकली, तिथंच बोलायला शिकली. बायकांच्या बराकीत ती सगळ्यांची लाडकी होती. पण तिनं गाय पाहिली नव्हती. बाजार पाहिला नव्हता. एकदा भेटीला मी केळी नेली, तर ती मला विचारते, "मावशी, हे कुठं शिवते?" तिला वाटलं, तुरुंगातल्या कपड्यांसारखी केळीही कोणी तरी शिवत असेल. हे ऐकून मी जे ठरवलं ते चूक होतं की बरोबर, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. मी ठरवलं, हिला बाहेर काढायची.

आरतीच्या मामाकडं गेले. मामा-मामी दोघं शेतावर जाणारी माणसं.

"लेकरू ठेवतो मी," मामा म्हणाला. "पण दिवसभर सांभाळीन कोण? शाळेत जात असन तं आण. दुपारी खिचडी तिथंच खाईन, सांजच्याले आमी येतोच."

शाळेत गेले. हेडमास्तर रजिस्टर उघडं ठेवून बसले होते आणि खिडकीबाहेर पाहत होते. रजिस्टरकडं मुद्दाम पाहत नव्हते. मी ओळखलं. पटावर मुलं कमी पडत होती. तेवढीच राहिली असती तर एका शिक्षकाची जागा जाणार होती, आणि ती जागा त्यांच्या भाच्याची होती.

"किती कमी पडून राह्यले, सर?" मी विचारलं.

"एक," ते म्हणाले. "फक्त एक."

"माह्याजवळ हाय एक."

"वय?"

"पोळ्याले पाच पुरे होतीन."

त्यांनी पेन टोपणात घातलं. पहिलीला सहा लागतात. मग माझ्याकडं पाहिलं आणि पेन पुन्हा टोपणातून काढलं. "जन्माचा दाखला हाय काय?"

"नाही. माहेरी घरातच झाली. नोंदच नाही."

"मंग कायले चिंता करता मावशी? एक जून टाकून देतो."

आमच्याकडच्या लोकांना हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. ज्या पोराची जन्मतारीख माहीत नाही त्याला मास्तर एक जून देतात, आणि वर्ष हिशेबानं बसवतात. आमच्या भागात एक जूनला जन्मलेल्या माणसांनी वाढदिवस एकत्र करायचा ठरवला तर मांडव पुरणार नाही. सरपंचाचा एक जून, एसटीच्या कंडक्टरचा एक जून, माझा स्वतःचा एक जून. याला कोणी खोटं म्हणत नाही.

मी लगेच हो म्हटलं नाही. गिऱ्हाईक गरजू असलं की ताणायचं असतं. दोन गणवेश, पुस्तकं, आणि आई कुठं आहे हे शाळेत कोणी उच्चारायचं नाही, एवढं कबूल करून घेतलं. मग म्हटलं, "टाका एक जून." त्यांनी आरतीला खऱ्यापेक्षा सव्वा वर्षानं मोठी केली.

राहिली सुमन. भेटीच्या खिडकीशी तिला सांगितलं. ती जाळीला धरून म्हणाली, "सहाची होईस्तोवर राहू द्या ना मावशी. कायदा देते नं मले तेवढं. थे माह्यं हाय."

मी तिच्याशी घासाघीस केली. शाळा सांगितली, मामा सांगितला, केळीची गोष्ट सांगितली. गाय सांगितली. तिच्याकडं द्यायला काहीच नव्हतं आणि मी मागतच होते. शेवटी तिनं अंगठा दिला. तुरुंगाच्या ऑफिसातून आरतीला ताब्यात घेतल्याची पावती मिळाली. तिच्यावर तिथल्या डॉक्टरनं लिहिलं होतं, वय चार वर्षे दहा महिने. ती पावती मी माझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. भांडीवाली कागद फेकत नाही.

आरती मामाकडं वाढली. हुशार निघाली. गाय पाहिली, तिची धारही काढायला शिकली. पण आईला भेटायला यायची नाही. एकदाच आली, तोवर जाळीच्या जागी काच आणि फोन आले होते; काचेपलीकडं आई फोन धरून बोलत राहिली आणि ही फोन कानाला न लावता उभी राहिली. नंतर दर वेळी एकच उत्तर द्यायची, "तिनं मले देऊन टाकलं."

मी एकटीच भेटीला जायची. म्हणायला हवं होतं, तिनं दिलं नाही, मी घेतलं. पण धंद्यात पडलेला माणूस स्वतःच्या मालाची खोट स्वतः सांगत नाही.

यंदा ती अकरावीत. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला कागद लागत होते म्हणून मी माझी पेटी तिच्यापुढं ठेवली आणि चहा ठेवायला गेले. परत आले तर तिच्या हातात ती पावती होती.

"मावशी, चार वर्षं दहा महिने?" ती म्हणाली. "मी तं सहाची होतो नं?"

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. पट, एक जून, दोन गणवेश, अंगठा. आईनं काय म्हटलं होतं, तेही. ती रडली नाही. बोटांवर काही मोजत होती. मग विचारलं, "म्हंजे तिच्याजवळ मी अजून सव्वा वर्ष राहू शकत होतो?"

"हो."

ती उठून गेली. दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी तिचाच आला. "मले जायचं हाय. काचेपाशी नाही. आतमंदी."

आत म्हणजे गळाभेट. एरवी भेट होते ती काचेच्या अल्याड-पल्याड, फोनवर. पण वर्षातून एखाद्या वेळी तुरुंगवाले कैद्यांच्या लेकरांना आत घेतात. सतरंजीवर आईजवळ बसू देतात, हात लावू देतात. अर्धा तास. या तुरुंगात नियम होता, लेकरू सोळाच्या आतलं पाहिजे. दिवाळीआधी भेट ठरली होती. सुमननं अर्जात दुसरीकडून लिहवून दिलं, मुलगी पंधरा वर्षांची. नाव यादीत लागलं. आणि आरतीला तिनं निरोप दिला, "केस धुऊन ये, पण तेल लावू नको. तेल माह्याजवळ हाय. वेणी मी घालीन."

खरं वय पंधरा. पुढच्या दिवाळीला खरंही सोळा पुरे झालेले असणार. म्हणजे एवढी एकच भेट. आणि आधारकार्डावर जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरून आलेली, त्या हिशेबानं ती जूनमध्येच सोळाची होऊन बसली होती.

मी हेडमास्तरांकडं गेले. आता रिटायर आहेत, महागावला घर बांधलंय. पुढं तुळस, बाजूला गाडी. मी म्हटलं, सर, एक कागद लिहून द्या, तारीख अंदाजे टाकली होती म्हणून.

"तुमी भी ना मावशी," ते म्हणाले. "अर्ध्या जिल्ह्याचा एक जून हाय. कोणाचं काय बिघडलं?"

"हिचं बिघडून राह्यलं."

मी व्हरांड्यात ठाण मांडलं, तेव्हा त्यांनी थोडा विचार केला. मग स्वतःहून म्हणाले, "कागद कायले? मीच येतो संगं. शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढून आणतो, जन्माचा दाखला नव्हता हे त्यात दिसते, बाकी साहेबाले तोंडानं सांगतो. मास्तरच्या शब्दाले मान असते."

मी घरी जाताना त्यांचं कौतुक केलं. एवढ्या वर्षांचा अनुभव, आणि गिऱ्हाईक न मागता जास्त देतं तेव्हा माल तपासायचा असतो, हे विसरले.

त्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघालो. आरतीनं केस मोकळे सोडून रबरात अडकवले होते, खिडकीतून वारा आला की तोंडावर यायचे आणि ती ते चिडून मागं करायची. हेडमास्तर परस्पर येणार होते. अकराला गेटवर पोचलो. ते नव्हते. फोन लावला, बंद. साडेअकरा, बंद. आमच्या पुढची लेकरं एकेक करून आत जात होती. एक चिमुरडी बाहेर येताना हातात अर्धा लाडू घेऊन आली. आरती त्या लाडवाकडं पाहत राहिली.

बाराला आमचा नंबर आला. गेटवरच्या मॅडम मला ओळखत होत्या. त्यांनी यादी पाहिली, आधार पाहिलं, पुन्हा यादी पाहिली.

"मावशी, ही सोळाच्या वर आहे."

मी पावती पुढं केली. तुमच्याच ऑफिसचा शिक्का, तुमच्याच डॉक्टरची सही.

त्यांनी ती नीट वाचली. "हा वयाचा पुरावा नाही हो. हा मूल दिल्याचा पुरावा आहे."

"अर्धा तास नका देऊ. पंधरा मिनिटं द्या."

"तसं नसतं."

"दहा द्या. तुमच्यासमोर, इथंच गेटच्या आतमंदी. पाचच द्या मॅडम, वेणी घालायले पाच मिनिटं लागते."

"मावशी, हा भांड्याचा सौदा आहे का?" त्या म्हणाल्या, पण आवाज मऊ होता. "ते तुमचे मास्तर येणार होते ना? त्यांचं काही लेखी असेल तर मी साहेबांना विचारते. निदान फोनवर तरी बोलू दे."

मी फोन लावला. बंद. आरती माझ्या तोंडाकडं पाहत होती. मॅडमनी तरीही खुर्ची मागं सरकवली, साहेबांना विचारायला उठतच होत्या. आणि नेमकं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी ओरडले. चोराच्या पोराले आत घेता अन् माह्या पोरीले काहून नाही, असं ओरडले. रांगेतल्या बायांनी माना खाली घातल्या. त्यांची लेकरं त्यांच्या हाताशी होती. ज्या शब्दापासून ही लेकरं वाचवायची म्हणून मी सोळा वर्षं पगार घेतला, तोच शब्द मी त्यांच्या तोंडावर फेकला.

मॅडम बसल्या. रजिस्टर मिटलं. "नियम आहे," एवढंच म्हणाल्या.

आरतीनं माझा दंड धरला. "चाला मावशी." मग मॅडमकडं वळून हळू आवाजात म्हणाली, "काचेपाशी तरी भेटू द्या. आई वाट पाहून राह्यली असन."

तो खिडकीच्या भेटीचा दिवस नव्हता. मॅडमनी तिच्या मोकळ्या केसांकडं पाहिलं आणि एका शिपायाला हाक मारली. माझ्यासाठी त्यांनी ते केलं नसतं.

काचेपलीकडं सुमन आली तेव्हा तिच्या हातात तेलाची बाटली आणि कंगवा होता. सकाळपासून ती दुसऱ्या दाराशी बसून होती. तिला कळायला थोडा वेळ लागला. आरतीनं या वेळी फोन कानाला लावला.

"आई, मले कागद सापडला," ती म्हणाली. "मी पाचची भी नव्हतो."

सुमन काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ दोघी बोलल्या. मग आरतीनं फोन माझ्याकडं दिला आणि माझ्याकडं पाठ करून, आईकडंही पाठ करून, स्टुलावर बसली. मला कळेना.

फोनवर सुमन म्हणाली, "मावशी, तुमी घाला. मी सांगतो तशी."

माझ्या पिशवीत कंगवा होता. मी फोन मानेत धरला आणि आरतीचे केस हातात घेतले.

"तीन भाग करा. नाही, सारखे करा. डाव्या बाजूनं घट्ट धरा, तिचे केस तिथं उडते, लहानपणापासून. सैल होऊन राह्यली मावशी, सोडा, पुन्हा घाला."

मी सोडली. पुन्हा घातली.

"तुमाले पोरगी नाही काय? कशी धरून राह्यल्या?"

"नाही," मी म्हटलं.

"म्हणून." मग म्हणाली, "चांगली जमून राह्यली आता. खाली आणा."

तीनदा सोडवून घातली तेव्हा तिच्या मनासारखी झाली. आरती उठली, वळली, आणि आईला वेणी दिसावी म्हणून पुन्हा पाठमोरी झाली. सुमननं तेलाची बाटली उघडलीच नव्हती. शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं.

परतीच्या गाडीत आरती माझ्या बाजूला बसली होती, एवढंच. उतरताना म्हणाली, "तुमी ओरडले नसते तं?"

"तं कदाचित आत गेली असतीस," मी म्हटलं. या वेळी मालाची खोट लपवली नाही.

"अन् सर आले असते तं?"

"तं नक्की."

तिनं मान हलवली. "मंग त्याईनं मले सांगावं, काहून नाही आले."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी हेडमास्तरांच्या घरी गेले. फोन चालू होता, ते व्हरांड्यात पेपर वाचत होते. मला पाहून पेपर खाली ठेवला नाही.

"मी पेन्शनर माणूस हाय मावशी," ते पेपराआडून म्हणाले. "साहेबासमोर जाऊन सांगू, मी खोटी तारीख टाकली म्हणून? उद्या चौकशी लागली तं?"

"मंग येतो काहून म्हटलं?"

"तुमी बसल्या होत्या. उठत नव्हत्या."

लोकांच्या ओसरीवर बसून त्यांना बोलायला लावायचं, हीच माझी कला. त्यांनी मला उठवण्यापुरतं बोलून टाकलं.

"तिच्या घरी चाला," मी म्हटलं. "तिच्यासमोर बोला."

"लेकराले काय सांगायचं? विसरून जाईन. पोरं विसरते."

मी तेव्हापासून चार वेळा गेले. दोनदा ते घरात नव्हते, दोनदा घरात असून नव्हते. म्हणून हे इथं लिहिते. आमच्याकडं हा अंक वाचनालयात येतो आणि सर वाचनालयाच्या कमिटीवर आहेत, तेव्हा हे त्यांच्या हातात पडणारच.

सर, तुमचं नाव मी लिहिलेलं नाही. पट भरायचा होता, हे मी समजू शकते. मीही तेव्हा दोन गणवेश घेऊन हसत घरी गेले. पण त्या तारखेनं सुमनचं हक्काचं सव्वा वर्ष आधी एकदा गेलं, आणि तुम्ही गेटवर आला नाहीत म्हणून तीच तारीख पुन्हा आडवी आली आणि अर्धा तासही गेला. माझा वाटा मी आरतीला तिच्या तोंडावर सांगितला आहे. ओरडण्याचा वाटाही सांगितला आहे. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही, आणि तो तिचा हक्क आहे.

आता तुमचा वाटा उरला. तुमच्या पेन्शनीला मी हात लावत नाही. चौकशी मागत नाही, कागदही मागत नाही. एवढं सोडून दिल्यावर जे उरतं त्यात मी कमी करणार नाही. आरती रविवारी मामाच्या घरी असते. दुपारनंतर गाई बांधून मोकळी होते. तिथं जा, तिच्यासमोर बसा, आणि त्या दिवशी फोन बंद करून तुम्ही कुठं होतात, ते तिला सांगा.